रिकामी म्हणून परत दिलेली रायफल

ती घटना मी विसरलो नाही, फक्त इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. सेवेची काही वर्षं बाकी असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सहकाऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा तब्येतीचं नाव पुढं केलं. खरं कारण आता लिहितो आहे. नाव कुणाचंही देणार नाही.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आजूबाजूची बरीच गावं मराठी बोलणारी, पण ठाण्याचा सगळा कागद कन्नडमध्ये. मला दोन्ही भाषा घरूनच येत होत्या. त्यामुळं मराठी माणसाचं ऐकून त्याचा जबाब कन्नडमध्ये उतरवण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडंच येई.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्याव्या लागतात. त्या वर्षी विधानसभेची निवडणूक होती आणि आवारात सकाळपासून रांग होती. रांगेत एक चाळिशीचा शेतकरी उभा होता. त्याला मी इथं थोरला म्हणतो. गोणपाटात गुंडाळून त्यानं लिव्हरची जुनी रायफल आणली होती. तिच्या चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की नवं काडतूस नळीत चढतं. काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागं एक बसतात आणि आतली स्प्रिंग त्यांना मागं ढकलते. आमच्या भागात तशी बंदूक क्वचित दिसते. मी पहिल्यांदाच हातात घेत होतो.

"निजामाच्या टायमाची हाय साहेब," थोरला म्हणाला. "आज्याची मेंढरं होती, लांडग्यासाठी घेतलेली. बाप रानडुकरं हाकलायला हवेत बार काढायचा. मी खंडेनवमीला पूजा करतो, तेवढंच."

"एवढी म्हातारी? मग हिला पेन्शन लावू का?" आमचा शिपाई म्हणाला. रांगेत हशा झाला.

मी कडी तीन-चार वेळा खाली-वर केली. काहीच बाहेर पडलं नाही. शेजारी उभे असलेले हवालदार जिल्ह्याच्या शस्त्रागारात पुष्कळ वर्षं काढलेले. ते हळूच म्हणाले, "साहेब, खालचं नळकांडं खोलून बघू की. ह्या जातीच्या बंदुकीवर भरवसा ठेवू नये."

मी म्हणालो, "अण्णा, मागं रांग बघा. एकेक खोलत बसलो तर मतदानसुद्धा इथंच घ्यावं लागंल."

पुन्हा हशा झाला. मीही हसलो. नोंदवहीत आणि पावतीवर मी 'शस्त्र रिकामं' असं लिहिलं आणि खाली सही केली. निकाल लागल्यावर त्याच नोंदीवर रायफल परत गेली.

खंडेनवमीला सकाळी दहाच्या सुमारास गावातून फोन आला. मी पोहोचलो तेव्हा थोरल्याचा धाकटा भाऊ अंगणात पडलेला होता. छातीत गोळी लागून तो जागीच गेला होता. बाजूला गोणपाटावर रायफल, स्क्रूड्रायव्हर, काळ्या झालेल्या चिंध्या, डिझेलची वाटी आणि झेंडूच्या माळांचं ताट. थोरला भिंतीला टेकून बसला होता. त्याची आई आणि धाकट्याची बायको आत होत्या. पंचनामा करून मी थोरल्याला ठाण्यात आणलं.

दुपारी ठाण्यात एक निनावी फोन आला. "साहेब, बंदूक साफ करतानाचा अपघात म्हनून सोडून देऊ नका. दोघांत विहिरीच्या पाण्यावरून बोलणं बंद व्हतं." चौकशी केली तर भांडण खरं निघालं. वरिष्ठांनी खुनाच्या अंगानं तपास करायला सांगितलं.

दोन दिवस मी थोरल्याला विचारत होतो. माणूस खोटं बोलत असला की प्रत्येक वेळी त्याचा तपशील वाढत जातो, असा माझा अनुभव. ह्याचा वाढत नव्हता.

"गोळी कधी भरलीस?"

"म्या भरलीच न्हाई, साहेब."

"मग उडाली कुठून?"

"तेच तर मला कळंना. घरात काडतूसच न्हाई. बाप गेल्यावर एक बी आणलं न्हाई. भांडण व्हतं, खोटं कामून बोलू? पण सणाला तोच आपनहून आला. म्हनला, दादा, लाकडी दस्त्याला मी तेल लावतो."

मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. ठाण्याची पावती होती. "तुमीच रिकामी हाय म्हनून दिली न्हवं? मग म्या कशाला बघू आत?"

मी पावती हातात घेतली आणि म्हणालो, "बघतो."

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात मी त्याला रायफल खोलून, पुन्हा जोडून दाखवायला सांगितलं. पंच चहाला गेले होते. तिथं आम्ही तिघंच, तो, मी आणि हवालदार. त्यानं आधी दस्ता सुटा केला, मग कडीचा खिळा काढून आतले लोखंडी भाग एका ओळीत फडक्यावर मांडले. बापानं शिकवलं असणार, कारण हात कुठंही अडखळत नव्हते. नळीतून चिंधी बांधलेला गज फिरवला. खालच्या नळकांड्यापाशी मात्र तो थांबला.

"ह्याचा स्क्रू गंजलाय. निघाला न्हाई. म्हनून वरूनच डिझेल सोडलं आन् उलटं धरून हलवलं. मग समदं जोडलं. कडी चालती का बघायला एकदा वडली. तो म्होरंच बसला व्हता. चाप दाबला." फडकं उचलून तो हात पुसू लागला.

हवालदारांनी गंजलेला स्क्रू खटपट करून काढला आणि नळकांड्यात टॉर्च मारला. मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघा."

आत जुन्या वंगणाचा घट्ट, काळा थर होता. एका ठिकाणी मात्र त्या थरात काडतुसाच्या मापाची स्वच्छ जागा होती आणि दोन्ही टोकांना गंजाचं कडं. एक काडतूस वर्षानुवर्षं तिथं चिकटून बसलेलं होतं. गंजलेल्या स्प्रिंगला ते ढकलता येत नव्हतं. डिझेलनं वंगण सुटलं आणि कडी ओढल्यावर ते नळीत चढलं. बापाच्या काळात भरलेलं ते काडतूस ठाण्यात पाच आठवडे आमच्या कपाटात होतं.

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

माणूस खुनी नाही हे सिद्ध झालं होतं, पण ते पूर्ण लिहायचं तर माझी चूक लिहावी लागणार होती. मी अर्धंच लिहिलं. जुनं काडतूस अडकलेलं होतं, मालकानं शस्त्र न तपासता हाताळलं, निष्काळजीपणामुळं मृत्यू. खुनाचं कलम वगळलं गेलं. पावती मी फाईलला लावली नाही. नोंदवही कुणी मागितली नाही.

थोरल्याचा जबाब मी घेतला. तो मराठीत सांगत होता, मी कन्नडमध्ये लिहीत होतो. 'ठाण्यानं रिकामी म्हणून दिली' हे वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. मी ते लिहिलं नाही. शेवटी नियमाप्रमाणं त्याला वाचून दाखवलं. कागदाकडं बघत मराठीत वाचलं आणि वाचताना ते वाक्यही म्हटलं. त्याला कन्नड लिपी येत नव्हती. त्यानं मान हलवली आणि सही केली.

सही करून तो म्हणाला, "साहेब, शिक्षा व्हऊ द्या. पण गोळी म्या भरली न्हवती, तेवढं माझ्या आईला जाऊन सांगा. तुमचं ती ऐकंल. माझं ऐकंना."

"सांगतो," मी म्हणालो.

गेलो नाही. आईला सांगायचं तर ती पुढचा प्रश्न विचारणार होती, मग भरली कुणी आणि बघितली कुणी? त्या प्रश्नाला मी भ्यालो. त्याला मात्र सल्ला दिला, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्यानं ऐकलं. वर्षभराची शिक्षा झाली. गावानं त्या कबुलीचा अर्थ भावाला मुद्दाम मारलं असाच लावला. माझी बदली झाली, नंतर बढतीही झाली.

नोकरी सोडल्यावर, मागच्या वर्षी मी त्या गावात गेलो. उमरग्याच्या बसनं फाट्यावर उतरून चालत. धाकट्याची बायको तूर पाखडत होती. थोरला गोठ्याशी होता, केस पांढरे झालेले. मी दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. रांग, हवालदारांनी दिलेला इशारा, पावती, न लिहिलेलं वाक्य.

तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "एका अंगणात ऱ्हाऊन म्या भाऊजींशी इतकी वर्सं एक शब्द बोलले न्हाई. लेकरांना त्यांच्या सावलीला उभं केलं न्हाई. आन् तुमी आत्ता सांगायलाव?"

"हो."

"मला सांगून काय व्हतंय? मारुतीच्या पाराव चला. समद्यांनी तोंडं चालवलीत, समद्यांना सांगा."

मी गेलो. पंधरा-वीस माणसं जमली, त्यांच्यापुढं उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा मात्र उठून निघून गेला. पोलीस खात्याला आणि न्यायालयाला मी लेखी कळवलं आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल.

थोरला पारावर आला नव्हता. परतताना तो रस्त्यावर भेटला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बरं केलंव साहेब," तो म्हणाला. "पन आई गेली की दोन वर्सांमागं. शेवटपतूर माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई तिनं. आता तिला कोण सांगंल?"

आयुष्यभर मी लोकांना समोर बसवून खरं बोलायला लावलं, आणि खरं आज बोललं काय, उद्या बोललं काय, सारखंच, असं मनाशी धरून बसलो. माझ्यापुरतं ते ठीक होतं. थोरल्याच्या आईपाशी मात्र वाट बघण्याइतके दिवस नव्हते.