एक धवला होईपर्यंत

"पावना आला गो, पावना आला!" असं म्हणत त्या बाकावरून उठायच्या, एका हातानं लुगडं सावरायच्या आणि दवाखान्याच्या बोळातून टोकाच्या दाराकडे धावत सुटायच्या. पहिल्या दिवशी मी खरंच जिन्याकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. जिना रिकामा होता. बाकावरच्या त्यांच्या सुनेनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "लघवीला म्हणतात त्या."

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत एका मूत्रविकारतज्ज्ञांकडे मी तेव्हा तपासण्या करायचे. दोन हजार दहाच्या आगेमागेची गोष्ट. अशा दवाखान्यातला बाक तुम्हीही पाहिला असेल. शेजारी बसलेला माणूस ओळखीचा निघाला तरी दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात. त्या धावत सुटणाऱ्या मावशींना हे जमायचं नाही. आल्या आल्या त्या शेजारच्याला विचारायच्या, "तुमचा काय? येत नाय का थांबत नाय?" लोक आधी दचकायचे आणि मग हसायचे. एकदा तर एक निवृत्त हेडमास्तर त्यांना आपली सगळी कहाणी सांगून मोकळे झाले. डॉक्टरांना त्यांनी त्यातली निम्मीसुद्धा सांगितली नव्हती.

त्यांचं गाव उलव्याकडचं. मी नाव, वय लिहून घेतलं आणि सवयीनं विचारलं, "काम काय? घरीच?"

"घरी कशाला? माजा काम लगना लावाचा."

"म्हणजे मंडप वगैरे?"

"मंडप नाय गो. मी धवलारीन. भट येतो नंतर. पयली मी."

मी मूळची घाटावरची, मला काही कळेना. मग सुनेनं समजावलं. आगरी लग्नात हळदीपासूनच्या विधींना धवलारीण लागते. ती धवले गाते, म्हणजे विधीची गाणी, आणि त्या गाण्याच्या चालीनं विधी पुढे सरकतो. गाणं मध्येच सोडून उठायचं नसतं. एक म्हणते आणि दुसरी मागून उचलते, त्या दुसरीला मावशी "माजी जोडीन" म्हणायच्या.

आणि नेमकं उठायचं नसताना त्यांना उठावं लागलं होतं.

हे त्यांनीच मला सांगितलं, तपासणीची वाट बघताना, आवाज पहिल्यांदाच खाली आणून. बेलपाड्याला हळद होती. नवरी पाटावर बसलेली, सगळ्या बायका भोवती. धवला अर्ध्यावर आला आणि मावशींना कळ आली. त्यांनी दातावर दात दाबले, मांडी आवळली, दोन ओळी रेटल्या. मग उठल्याच. परत आल्या तेव्हा सगळ्या बायका त्यांच्याकडेच बघत होत्या. नवरीची आजी म्हणाली, "पोरीच्या हलदीत गाना तुटला."

"ती पोर आता कशी आहे?" मी विचारलं.

"मजेत हाय. पोटुशी हाय. पन माज्या मनातून जाईत नाय." त्यानंतर लग्नाचं सांगायला जो येईल त्याचा नारळ त्या परत करायला लागल्या. घराबाहेर पडणंही कमी झालं. पनवेलला यायचं तर सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. ओठ सुकून पांढरे झालेले असायचे. रस्त्यातली कुठली हॉटेलं आत जाऊ देतात आणि कुठल्या पेट्रोलपंपावरची कडी आतून लागत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी बरेच दवाखाने पालथे घातले होते. साखर नव्हती, खडा नव्हता, जंतू नव्हते. एकानं सांगितलं, वय झालं. दुसऱ्यानं सांगितलं, मनाचे खेळ आहेत. हे दुसरं त्यांना फार लागलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी दाबाची तपासणी सांगितली. यात बारीक नळीनं मूत्राशयात सावकाश पाणी सोडायचं आणि मूत्राशयाचा स्नायू मध्येच आवळतो का, ते पडद्यावर बघायचं. ज्यांना अशी घाई होते त्यांच्यापैकी पुष्कळांची रेघ मध्येच उसळते. मी पाणी सुरू केलं. मावशी मला माझं लग्न कसं झालं ते विचारत होत्या. थोडंसंच पाणी गेलं असेल, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट पकडलं. "आला! आला गो, थांबव!"

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ होती. पुन्हा करून पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम, पायाची बोटं वळलेली, आणि रेघ तशीच सरळ, शांत.

त्यांनी माझा चेहरा वाचला. "मंग खोटा बोलते का मी?" एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. एवढी बोलकी बाई, रडताना अजिबात आवाज करत नव्हती.

डॉक्टर आत आले, त्यांनी कागद पाहिला आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. "मावशी, खोटं काही नाही. तुमचा स्नायू गप्प आहे, पण नस ओरडतेय. लघवीच्या पिशवीत वाटीभर पाणी आणि नस वर कळवतेय की हंडा भरला. ती असं का करतेय, ते आपल्याला शोधायचंय." मग त्यांनी तेच विचारलं जे पहिल्या दिवशीही विचारलं होतं. "औषधं कोणकोणती चालू आहेत? अगदी सगळी सांगा."

"बीपीची. आनि झोपेची एक."

सुनेनं सासूकडे पाहिलं. मग हातातल्या कापडी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. ती गोळी झोपेची नव्हती, मनाच्या उदासीवरची होती. मावशींची जोडीण आदल्या वर्षी गेली होती. तीस वर्षं जिनं मागून धवला उचलला, ती बाई चार दिवसांच्या तापात गेली. मावशी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिल्या. खाणं सुटलं, अंघोळ सुटली, बोलणं तर सुटलंच. शेवटी सुनेनंच त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्या गोळीनं त्या उठल्या. गावात कुणाला कळू नये म्हणून घरात तिला झोपेची गोळी म्हणायचं ठरलं होतं.

"ही गोळी मध्ये कधी वाढवली का?"

"गणपतीनंतर," सून म्हणाली.

"आणि हा त्रास?"

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "दिवाळीच्या थोडं आधी."

डॉक्टरांनी एका कोऱ्या कागदावर लघवीची पिशवी काढली, पाठीचा कणा काढला, दोन्ही जोडणाऱ्या रेघा काढल्या. ही गोळी अंगातल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा जोर वाढवते, ते म्हणाले. मन सावरायला त्याची मदत होते. पण ते रसायन फक्त डोक्यात नसतं. पिशवीकडून वर येणाऱ्या या नसांवर आणि कण्यातही त्याला ओळखणारी ठिकाणं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ती एका जातीची नसतात. काही नसेला शांत करतात, काही तिला जास्त जागं करतात. "बहुतेकांना या गोळीनं असं काही होत नाही. तुमच्या बाबतीत जागं करणाऱ्यांचं पारडं जड झालं असावं. मी छातीठोक सांगत नाही. पण वेळ जुळतेय."

"म्हंजे येडी नाय मी?"

"नाही हो."

"मंग गोली आजच फेकून देते!"

"नका, आई!" सून इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा बाक गप्प झाला. "परत तशा झोपून राहिलात तर मी काय करू?" मला वाटतं, त्या घरात खरी भीती कशाची होती हे मावशींना त्या क्षणी समजलं. त्यांनी सुनेचा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

गोळी एकदम तोडायची नाही, हे डॉक्टरांनीही दोनदा बजावलं. मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन केला. दोघांनी मिळून ठरवलं की ही हळूहळू उतरवायची आणि वेगळ्या पद्धतीनं काम करणारी दुसरी सुरू करायची. शिवाय नसेला सवय लावायची. कळ आली की लगेच धावायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं.

"पाच मिन्टा कशी कलनार? मना घड्याल नाय समजत."

"मग तुम्हीच सांगा, कसं मोजू या?"

मावशींनी थोडा विचार केला. "येक धवला होईपरत थांबीन."

आणि तिथेच, तपासणीच्या टेबलावर पाय सोडून बसून, त्यांनी धवला म्हटला. खालच्या पट्टीत, डोळे मिटून. शब्द मला फारसे कळले नाहीत. हळद, पाट, मांडवाचा खांब एवढं उमगलं. ओळ संपली की त्या क्षणभर थांबायच्या. ती जागा जोडीणीची होती. तिसऱ्या वेळी सुनेनं ती ओळ मागून उचलली, अडखळत, चाचरत. मावशींनी डोळे उघडले नाहीत, पण आवाज चढवला. दारात हेडमास्तर येऊन उभे होते आणि त्यांना बाहेर जायला कोणी सांगितलं नाही.

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. गोळी उतरताना त्यांना चक्कर यायची, चिडचिड व्हायची. मध्ये एक आठवडा पुन्हा उदास गेला आणि सून रोज मानसोपचारतज्ज्ञांना फोन करत होती. मग नवी गोळी लागू पडली. एका तपासणीला मावशी आल्या आणि तासभर बाकावर बसून राहिल्या. हेडमास्तरांशी गप्पा मारता मारता त्यांनी समोरच्या माठातलं पाणी मागितलं. आपण काय मागितलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र पेला भरताना थोडं सांडलं.

त्यांनी स्वीकारलेल्या पहिल्या लग्नाला मला आवर्जून बोलावलं. हळदीला मी मागच्या रांगेत बसले आणि धवला सुरू झाल्यापासून मीच मनात मिनिटं मोजत होते. मावशी पाटाशेजारी ऐसपैस बसल्या होत्या. सून मागून उचलत होती, आता न अडखळता. गाणं लांबलं, नवरीच्या आत्यांनी आणखी एक सांगितला, तोही झाला. मध्येच मावशींनी गर्दीत मला शोधलं आणि गात गातच भुवया उडवल्या. मला एकदम हसू फुटलं. शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं. काय सांगणार?

पुढच्या तपासणीच्या तारखेला त्या आल्या नाहीत. दिवसभर मी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. असे न येणारे पेशंट आमच्या मनात नको ते आणतात. संध्याकाळी न राहवून मी घरी फोन लावला. त्यांच्या मुलानं उचलला.

"आई? आई नाय घरात. आनि बायको पन नाय. दोघी उरनला गेल्यात, लगीन हाय. तिथून आनखी येका हलदीला जानार हायत." आवाजावरून बिचारा वैतागलेला वाटला. "कवा येतील, काय सांगून गेल्या नायत. ताई, भातात पानी किती घालतात, तुमाला म्हायती हाय का?"

मी त्याला सांगितलं. मग आत जाऊन डॉक्टरांना म्हटलं, मावशी येत नाहीत आज. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बरं झालं. पुढचा पेशंट पाठवा."