दादामियाँनी न आणलेलं औषध

आमच्या माकणीत दादामियाँ तीनचाकी टमटम चालवतात, असं म्हटलं तर ते अर्धंच सांगणं झालं. गावातली माणसं तालुक्याला, लोहाऱ्याला नेणं हा त्यांचा धंदा, आणि माणसांची कामं उरकून आणणं हा त्यांचा स्वभाव. साडीला जुळणारा फॉल असो की मिक्सरचं झाकण, टमटममधूनच येतं. चिठ्ठी कुणी देत नाही, नमुना देतात. लेकराला सर्दी झाली की बाया घरातली जुनी बाटली त्यांच्या हातात ठेवतात. "असलंच आणा, दादा." दादामियाँ ती मेडिकलच्या काउंटरवर ठेवतात आणि तसलीच भरलेली घेऊन येतात. रिकाम्या हातानं परत यायचं तर जायचंच कशाला, असं म्हणायचे. या बाबतीत त्यांना भलताच तोरा होता.

गेल्या थंडीत मुक्ताबाईंनी अशीच बाटली दिली. त्यांची लेक वृषाली बाळंतपणाला आलेली, अजून माहेरीच होती. तिच्या बाळाचं नाक चोंदलेलं, सारखी पिरपिर चाललेली. बाटली मात्र मुक्ताबाईंच्या शाळकरी नातवाची.

मेडिकलवर त्या दिवशी मालकाची मुलगी ज्ञानेश्वरी होती. तिनं बाटली उलटसुलट केली आणि आजवर कुणी न विचारलेलं विचारलं, "चाचा, लेकरू केवढंय?"

दादामियाँना ठाऊक नसतं तर बरं झालं असतं. पण मायलेकींना दवाखान्यातून घरी त्यांनीच आणलं होतं, खड्डे चुकवत, बैलगाडीच्या चालीनं. "चार महिन्यांची," ते म्हणाले.

"मग हे द्यायचं न्हाय. यात दोन-तीन औषधं एकत्र असतात. चार वर्षांच्या आत देऊ नका म्हणून वरच छापलंय बघा. दूध पितीय का ती? श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय?"

दादामियाँना काय माहीत! ज्ञानेश्वरीनं नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. दूध पीत नसेल किंवा खळगा पडत असेल तर थेट दवाखाना गाठा, म्हणाली.

शेजारीच दुसरं मेडिकल होतं. तिथं कुणी काही विचारलं नसतं. दादामियाँ त्याच्या पायरीपर्यंत गेलेही. इतक्या वर्षांची पत, वर मुक्ताबाईंचं तोंड! पण दवाखान्यातून आणताना दुपट्यातून बाहेर आलेला बोटभर पाय त्यांना आठवला आणि ते मागं फिरले.

व्हायचं तेच झालं. "पाणी आणलंत व्हय?" मुक्ताबाई अंगणातूनच कडाडल्या. "लेकरू इथं कासावीस झालंय, अन् तुमी पाणी आणलं!"

"शिव्या मागनं द्या, मुक्ताबाई. आधी तिची छाती बघा."

वृषालीनं झबलं वर केलं. श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता. सकाळपासून बाळानं दूधही घेतलं नव्हतं. ते नाक चोंदल्यामुळं, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. दादामियाँनी टमटममधली माणसं उतरवली आणि मायलेकींना घेऊन सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. सर्दी छातीत उतरली होती. औषध पाजून वाट बघत बसला असतात तर अवघड होतं, असं ते म्हणाले.

बाळाला घरी सोडलं त्या दिवशी न्यायला अर्थातच दादामियाँ आले. दवाखान्याच्या दारात मुक्ताबाईंनी बाळ त्यांच्या हातात दिलं. दादामियाँ आणि त्यांची बायको शरिफाबी, घरात पहिल्यापासून दोघंच. लेकरू धरायचं कसं, हे साठी आली तरी कुणी शिकवलं नव्हतं. "मान सांभाळा, चाचा," वृषाली म्हणाली. त्यांनी मान सांभाळली. बाळानं खांद्यावर तोंड घासलं, एक मोठा मोकळा श्वास सोडला आणि तिथंच झोपलं. दादामियाँचे डोळे वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"द्या हिकडं," मुक्ताबाई म्हणाल्या. "गाडी कुणी चालवायची? टमटममधले लोक वरडायलेत."

"वरडू द्या," दादामियाँ म्हणाले. "आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."