बिडवे सरांचे कान

रविवारच्या पुरवणीत काम करणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहा पिता पिता कोणीतरी सुरू करतं, दुसरा त्यात भर घालतो, आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या माणसाचं अख्खं चरित्र तयार होतं! आमच्या नाशिकच्या ऑफिसात हे चरित्र बहुतेक वेळा बिडवे सरांचं असतं.

सर भूगोलाचे प्राध्यापक. रिटायर झाल्यावर आमच्याकडे मैफलींवर लिहू लागले. छापण्याआधी त्यांची कॉपी बघणं माझ्याकडे. पण याला काम तरी कसं म्हणू? दुपारी त्यांचा लेख उघडला की फोन, कीबोर्ड, शेजारच्या टेबलावरची भांडणं, सगळं कुठेतरी लांब जायचं. न ऐकलेल्या मैफलीतून मी परत यायचे, तेव्हा चहा गार झालेला असायचा.

* * *

त्यांचा पहिलाच लेख. मी मैफलीचा रिपोर्ट मागितला होता. सरांनी पाठवला तो सगळा तंबोरे जुळवण्यावर! हॉलमधली कुजबुज कशी विरत गेली, पंचमाची तार वर चढता चढता एका जागी कशी टेकली, आणि तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी मांडीवरची पर्स अलगद खाली कशी ठेवली.

आमचे संपादक देवरे साहेब प्रिंट घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "चारू, यात गायक कुठेय?"

मी सरांना फोन लावला.

"शेवटच्या ओळीत आहे की!" सर म्हणाले. "त्याने षड्ज लावला, आणि मला पुढचं काही लिहावंसंच वाटेना."

साहेबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी लेख तसाच लावायला सांगितला आणि ती प्रिंट घडी घालून खिशात टाकली. गाण्याशी साहेबांचा संबंध तोवर मोबाइलच्या रिंगटोनपुरताच होता!

* * *

ऐकताना सरांचे डोळे मिटलेले असत. मान जरा डावीकडे, ओठ किंचित उघडे. अनोळखी माणसाला वाटावं, आजोबांना झोप लागली.

एकदा एका नव्या आयोजकांना तसंच वाटलं. पेपरवाला माणूस आपल्या कार्यक्रमात झोपला, म्हणजे संपलंच! मारवा रंगात आलेला, आणि हे वाकून सरांचा खांदा हलवताहेत. "सर, सर, चहा घेणार?"

सरांनी डोळे उघडले, चहा घेतला, आभारही मानले.

रविवारी छापून आलं: "मैफलीच्या मध्यावर मला चहा देण्यात आला. तोपर्यंत मी सूर्य मावळताना एका नदीच्या काठी होतो. त्यानंतर मी हॉलमध्ये होतो."

ते आयोजक आता सरांच्या आसपास कोणाला खोकूसुद्धा देत नाहीत!

* * *

सर नुसतं गोड लिहायचे असं मात्र नाही. एका तरुण गायकाबद्दल त्यांनी लिहिलं, "तानांची इतकी घाई होती, की राग बिचारा स्टेशनवरच राहिला."

सोमवारी तो गायक थेट ऑफिसात हजर! चेहरा लाल. योगायोगाने सर तिथेच बसलेले.

"सर, मी तुमचं वाचलं. फार त्रास झाला."

"मी तुमचं ऐकलं," सर शांतपणे म्हणाले. "म्हणजे आपली फिटंफाट झाली. बसा."

तो बसला. सरांनी त्याला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि म्हणाले, "आता यमनातला नुसता गांधार लावा. कुठेही जायची घाई नाही." तो आधी ओशाळला, मग डोळे मिटून गायला लागला. अकाउंट्सची माणसं दारात येऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर रिक्षावाले हॉर्न देत होते, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

थांबल्यावर त्याने विचारलं, "हे छापाल का?"

"छे! याचं तिकीट नव्हतं."

* * *

सायखेड्याला गोदाकाठी भजन होतं. भजनी मंडळाचे पुंजाबा स्वतः सरांना आमंत्रण द्यायला आले. "साहेब, आमचं बी लिवा की पेपरात."

सर गेले. संध्याकाळचं पाणी, पलीकडच्या मळ्यांवर उतरलेलं धुकं, टाळांचा आवाज नदीवरून जाऊन परत येत होता, असं सगळं फार सुंदर लिहिलं. आणि शेवटी लिहिलं, "पुंजाबांचा पखवाज मात्र भजनाच्या पुढे पळतो."

मी हादरले. गावचा माणूस, हौसेने बोलावलेलं! वाक्य काढू का विचारलं, तर सर म्हणाले, "मग त्यांचं खरोखर ऐकलं, असं कसं म्हणायचं?"

रविवारी सकाळी पुंजाबांचा फोन. मी माफीची तयारी करूनच उचलला.

"म्याडम, पखवाज पळतो म्हनून छापलंय?"

"हो, म्हणजे, सरांचा हेतू..."

"लय बरं वाटलं बघा." ते म्हणाले. "आमचे वडील गेल्यापास्नं आमाला कोनी रागावलंच नव्हतं."

* * *

मग एका हिवाळ्यात सरांनी पत्नीला विचारलं, "सुमन, यंदा जास्वंदीवर शिंजीर आला नाही का गं?"

सुमनताईंनी नुसतं बोट दाखवलं. तो एवढासा पक्षी फांदीवर बसून जिवाच्या आकांताने ओरडत होता.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात. बाकीचे मागाहून.

सर ऑफिसात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "देवरे, सदर बंद करू या. ज्याला शिंजीर ऐकू येत नाही, त्याने गाण्यावर लिहू नये."

"सर, आम्हाला ऐकू येतो शिंजीर," साहेब म्हणाले. "पण लिहिता कुठे येतं आम्हाला?"

सर हसले. ऐकलं मात्र नाही. एक शेवटचा लेख देतो म्हणाले.

* * *

तो लेख आम्ही एक शब्दही न बदलता छापला. त्यात गायिकेचं नाव नव्हतं. 'स्थळ' म्हणून लिहिलं होतं: आमचं स्वयंपाकघर.

सुमनताई लग्नाआधी गायच्या. पण सरांनी त्यांच्याबद्दल कधी अवाक्षर लिहिलं नव्हतं. म्हणून छापण्याआधी मी प्रिंट घेऊन गंगापूर रोडला त्यांच्या घरी गेले. सर गॅलरीत उन्हाला बसले होते. सुमनताईंनी पदराला हात पुसले आणि ओट्याला टेकून वाचायला लागल्या.

लेखात होता मेथी निवडता निवडता त्यांनी गुणगुणलेला सकाळचा राग भटियार. खिडकीतून ऊन आत सरकलं, तसा एकेक उजळत गेलेला स्वर. आणि शेवटी: "मग तिने वरचा षड्ज लावला, आणि तो सोडलाच नाही. इतका वेळ, इतका स्थिर षड्ज मी आयुष्यभरात ऐकला नाही."

सुमनताई लाजल्या, मग वैतागल्या. प्रिंट घेऊन गॅलरीत गेल्या आणि सरांना ऐकू जावं म्हणून जवळ वाकून जोरात म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय लिहिलंय! षड्ज लावला आणि कुकरची शिट्टी झाली. मी तेव्हाच गप्प झाले. मग ती मेली थांबेचना, शेवटी उठून गॅस बंद केला!"

सरांनी मान वर केली.

"शिट्टी?" ते म्हणाले. "शिट्टी कधी झाली?"