हात कोरड्या नळापुरता

अन्याय झाला तो धोंडिबावर. धोंडिबा म्हणजे माझा बाप, आमचा बा. साल सत्तावन्न, मे महिना, सोमवारची सकाळ. जागा दापोडी, रुळांकडच्या चाळींचं नळकोंडाळं. बाला हात पाठीशी धरून उभं केलं आणि त्याच्यासमोर पाण्यानं भरलेली टाकी गटारात रिकामी केली. कारण ते पाणी माझ्या बापानं सोडलं होतं.

पाण्याची लाइन गोऱ्यांच्या लष्कराच्या वेळची. बिडाची. सांधे कुजलेले. शेजारूनच तेवढंच जुनं गटार. सांधा फुटला की आमची टोळी खड्ड्यात उतरायची. आम्ही गावकुसाबाहेरचे. चिखल उपसायचा, सांध्यात ताग ठोकायचा, वर तापलेलं शिसं ओतायचं. नळाच्या आत कोपरापर्यंत हात घालायचा. चालायचं. नळ कोरडा असेपर्यंत आमचा हात चालायचा. सांधा झाला की मुकादम ओरडायचा, "सरा मागं." आम्ही सरायचो. मग वरच्या जातीचा चावीवाला यायचा, चावी फिरवून पाणी सोडायचा. पाण्याला आमचा हात नको. कायद्यानं शिवाशिव कधीच गेली होती. दापोडीच्या नळाला कुणी कळवलं नव्हतं.

त्या सोमवारी चावीवाला मोशीला लग्नाला गेलेला. मुकादम चहाला. सांधा होऊन बराच वेळ झाला. बाया हंडे घेऊन उन्हात. बा उठला, चावी फिरवली. टाकी भरली.

मुकादम आला.

"धोंड्या, चावी कुणी फिरवली?"

"म्या. बाया ताटकळल्या व्हत्या, मुकादम."

"बाया तुझ्या सासरच्या का रे?"

लोक हसले. बायाही हसल्या. एकीनं भरलेला हंडा तिथंच ओतला. मग बाकीच्यांनी. मुकादमानं दोघांना बाचे हात पाठीशी धरायला लावले आणि टाकीही गटारात रिकामी केली.

मी तिथंच होतो. वीस वर्षांचा, त्याच टोळीत. रविवारी सभेत पत्रकं वाटायचो. पत्रकात जळजळीत शब्द असायचे. तिथं काही जळलं नाही. राग आला नाही, रडू आलं नाही. पाणी गटारात जाताना बघत राहिलो. त्याच फुटक्या सांध्यातून कितीतरी दिवस गटार पाण्यात झिरपत होतं. चाळीतली पोरं ओकत होती. तेव्हा टाकी कुणी ओतली नाही. एवढंच सुचलं. तेही दुसऱ्याच कुणाला सुचल्यासारखं.

घरी जेवताना बा म्हणाला, "म्होरच्या खेपंला चावीवाला येस्तोवर बसीन." आणि भाकरी मोडली. मला कळलं, मीही असाच बसणार. जन्मभर.

पावसाळ्यानंतर तोच सांधा पुन्हा उघडला. शिसं मी ओतलं. मुकादम म्हणाला, "सरा मागं." बा सरला. मी खड्ड्यातच बसलो. तळवा नळावर.

"वर ये."

"न्हाई येत. सोडा पाणी. माझा हात असू द्या."

"माज आलाय? मग पाणी सुटणार न्हाई."

"चावी तुमच्याकडं हाय. माझ्याकडं न्हाई."

बा वरून पुटपुटला, "ये की बाबा वर. काम जाईल." मी त्याच्याकडं बघितलं नाही.

ऊन चढलं. बायांनी आधी मला शिव्या घातल्या. मग एक म्हातारी चावीवाल्याकडं वळली. "आरं मुडद्या, फिरव की! पोरं तान्हेली हायेत घरात. त्यो काय नळ खातोय व्हय?"

त्यानं मुकादमाकडं बघितलं. मुकादमानं मान वळवली. चावी फिरली. माझ्या हाताखालचा नळ थरथरला, गार पडला. हंडे भरले. एकही ओतला गेला नाही.

त्याच दिवशी आम्हा दोघांना कामावरून काढलं. बा अजून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या नळावर आजही "सरा मागं" चालू आहे. मी तिथंही खड्ड्यात उतरणार. काम देवोत, न देवोत.

आता तुम्ही. हे वाचून हळहळू नका, मला त्याचा उपयोग नाही. तुमच्या नळाचा सांधा फुटेल तेव्हा हंडा घेऊन लवकर जा. खड्ड्यात जो उतरलाय, त्यालाच चावी फिरवू द्या. कुणी आडवा आला तर मध्ये उभे राहा. आणि पहिला हंडा तुम्ही भरा. तिथंच, सगळ्यांदेखत, प्या.