दोन मुठींवरचा ध्रुव

साताऱ्यात आमच्या मंडळाला लोक ‘साडेतीन शहाणे’ म्हणत. तीन शहाणे म्हणजे एक वकील, एक पत्र्याचे डबे बनवणारे मिस्त्री आणि अधूनमधून सांगलीहून येणारे चष्मेवाले. उरलेली अर्धी मी. मुलींच्या शाळेत मी पूर्ण दिवस शिकवत होते, पण बाई म्हणून हिशेबात मला अर्धीच धरलेली. तो राग अजून गेलेला नाही.

मंडळाचं काम एकच, गावोगाव आकाश दाखवत फिरणं. दुर्बीण घरचीच. भिंग चष्मेवाल्यांनी जुन्या बाजारातून पैदा केलेलं, नळी मिस्त्रींनी पत्र्याची केलेली, आणि हौस वकीलसाहेबांची. मिस्त्रींचा त्या नळीवर एवढा जीव की बैलगाडीत ती मांडीवर घेऊन बसत. ईदचा चांद मात्र ते कधी दुर्बिणीतून बघत नसत. तो आपल्या डोळ्यांनीच बघायचा, असं म्हणत. वकीलसाहेबांनी त्यावर कधी वाद घातला नाही, आणि वाद न घालणारा वकील मी तेवढा एकच पाहिला.

मला सोबत न्यायचं कारण असं की बायका दुर्बिणीजवळ येत नसत. नळीला डोळा लावून वाकायचं आणि पुरुष भोवती उभे, कोण येणार? मी गेल्यावर येऊ लागल्या. शनी दाखवायचा म्हटलं की सुरुवातीला सगळ्यांचीच गाळण उडायची. वकीलसाहेब म्हणत, “त्यानं तुमच्याकडं बघितलं तर साडेसाती. आता तुम्ही त्याच्याकडं बघा, त्याला लागू दे.” मग हसू पिकायचं आणि रांग लागायची.

त्यांचा नियम होता. डोळा लावणाऱ्याला काय दिसणार ते आधी सांगायचं नाही. त्यानं सांगायचं, आपण ऐकायचं. शनी बघून कुणी म्हणे कान असलेलं भांडं, कुणी म्हणे चाकात अडकलेली गोटी. ते प्रत्येकाला “बरोबर” म्हणत आणि मग शनीची कडी समजावून सांगत. दुसरा नियम, जे दाखवता येत नाही ते दाखवतो म्हणायचं नाही. एरवी लोण्यासारखा असलेला हा माणूस तेवढ्या बाबतीत दगड होता.

एकदा आम्ही हुशारी करून नागपंचमीला शिराळ्यात गेलो. आयती गर्दी मिळेल असा बेत. गर्दी मिळाली, पण आभाळ मिळालं नाही. श्रावणात आकाश दाखवायला निघालेले शहाणे आम्हीच! शेवटी साहेबांनी दुर्बीण समोरच्या लिंबाकडं वळवली. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, त्यामुळं झाड शेंडा खाली करून लटकलेलं. लोकांनी लय गोंधळ घातला. पुढं वर्षभर त्या बाजूला आम्हाला ‘उलट्या झाडाची माणसं’ म्हणत होते.

हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतलं. रॉकेल रेशनवर, त्यामुळं दिवेलागणीनंतर गावं आपोआप अंधारात बुडायची. आमची त्यात सोयच झाली. त्यात बेचाळीसच्या चळवळीचे दिवस, चार माणसं अंधारात एकत्र दिसली की पोलीस हटकायचे. एक फौजदार आमची नळी जप्त करायला आला, तिच्यातून चंद्र बघत बसला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोलाही तो बघायला पाठवून दिलं.

अशाच एका हिवाळ्यात आम्ही वडूजच्या बाजूच्या एका गावात गेलो. मोकळा माळ, कोरडी हवा, आणि घरटी एक माणूस पलटणीत. सांजवेळी दुर्बीण मांडली तेव्हा बायकांची एवढी झुंबड उडाली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग एक म्हातारी पुढं आली. डोळा लावायच्या आधीच तिनं नळीला हात घातला आणि ती मावळतीकडं फिरवू लागली.

“हिकडं लावा,” ती म्हणाली. “माजं पोरगं हिकडं गेलंय. बोटीत बसून.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सुट्टीवर आलेल्या शिपायांनी गावात सांगितलं होतं की गोरे साहेब लोक दुर्बीण डोळ्याला लावतात आणि डोंगरापलीकडची पलटण बघतात. झालं. या सगळ्या बायका शनी बघायला आल्याच नव्हत्या. त्या लढाई बघायला आल्या होत्या. जिची तिची लढाई, जिची तिची पोरं.

मागची पोरं फिदीफिदी हसली. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “कुठल्या मुलखात आहे?”

“कुनाला ठावं? सरकार सांगत न्हाई. ह्ये बी सांगत न्हाई.” तिनं शेजारी उभ्या असलेल्या एका जवानाकडं बोट केलं. तो तिच्या पोराच्याच पलटणीतला. पायाला जखम होऊन घरी आला होता आणि आठवड्याभरात परत निघायचा होता.

“मनाई हाय, आजी,” तो खाली बघत म्हणाला.

मी साहेबांच्या कानाशी लागले. म्हटलं, चंद्र दाखवा आणि सांगा की तुमचा मुलगा आत्ता यालाच बघतोय. काय बिघडतं? म्हातारी सुखानं झोपेल. ते म्हणाले, “तो बघतोय हे मला कुठं माहीत आहे?” मला असा संताप आला! आईच्या समोर कसले नियम लावता, असं मी तिथंच बोलून गेले. मिस्त्री मला डोळ्यांनी गप्प बसा म्हणत होते.

साहेब म्हातारीकडं वळले. “आजी, मुलगा मला दाखवता येणार नाही. या नळीत तेवढी ताकद नाही. पण त्याला दिसू शकते अशी एक वस्तू दाखवतो.” त्यांनी तिचं तोंड उत्तरेला करून ध्रुव दाखवला. मग तिला हात ताठ धरून मूठ वळायला लावली. जमीन आभाळाला टेकते तिथं पहिली मूठ, तिच्यावर दुसरी. ध्रुव दुसऱ्या मुठीच्या जरासा आत बसला.

“दोन मुठी,” साहेब म्हणाले. “इथनं कुणीही मोजा, दोनच. लहान माणसाची मूठ लहान, तसा हातही आखूड, हिशेब जमतो. पण माणूस उत्तरेला गेला की त्याला ध्रुव वर चढलेला दिसतो. तीन मुठी, चार मुठी. घराकडं येऊ लागला की खाली उतरतो.”

तो जवान एकदम म्हणाला, “आयला, व्हय! तिकडं ध्रुव लय वर असतुया. मला वाटलं, दुसराच कुठला तारा हाय.” त्यानं दोन्ही मुठी एकावर एक ठेवून बघितल्या. म्हातारीनं त्याचा दंड धरला. “जाशील तवा त्याला सांग. मोजाय सांग.”

त्या रात्री परतताना मी गाडीत साहेबांपासून लांब, मिस्त्रींच्या पलीकडं जाऊन बसले. मूठभर समाधान द्यायचं तर यांनी मुठी मोजायला शिकवल्या!

पुढच्या हिवाळ्यात गेलो तर म्हातारी वाटच बघत होती, भांडायला. रोज सांजेला ती अंगणात हात लांब करून उभी राहायची. लोक चेष्टा करायचे, म्हातारी ध्रुवाला मुक्का दाखवती म्हणून. “आवं वकीलसायब, तुमचा ध्रुव हालत न्हाई! वरीसभर मोजतीया. दोन म्हंजे दोन. माजं पोरगं यायला लागलं का न्हाई, कळावं कसं?”

साहेब खाली मातीत बसले आणि काडीनं रेघा ओढून तिला समजावत राहिले. इथून मोजला तर तो कायम दोनच. मोजायचं त्यानं, जो लांब आहे त्यानं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी घर हालत न्हाई. पोरगं हालतंय. असं सरळ सांगायचं की!” माझ्या एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत इतकं नेमकं उत्तर मला एकाही विद्यार्थिनीनं दिलं नाही.

लढाई संपली. पलटणी परत येऊ लागल्या, आणि एक दिवस आम्हाला त्या गावाहून निरोप आला, या म्हणून. पोरगा आला होता. धडधाकट, हातपाय जागच्या जागी. म्हातारीनं आमच्यासाठी पुरणपोळ्या केल्या होत्या, पण तिच्या तोंडावर आनंद दिसेना. मला स्वयंपाकघरात ओढून ती हळूच म्हणाली, “बाई, आलाय, पर आला न्हाई. बूट घालूनच निजतोय. दारात बसतोय. भांडं पडलं तर उठून उभा. काय करू?”

सगळ्या गोष्टींवर मत असणारी मी, पोळ्यांवर तूप वाढत राहिले.

अंधारून आलं तशी साहेब आणि मिस्त्री अंगणात दुर्बीण लावू लागले. पोरगा उंबऱ्यावर बसलेला, पायात सरकारी बूट, नाड्या गच्च आवळलेल्या. म्हातारी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“तिकडं मोजलास का?”

“मोजला. तुजा निरोप आल्यापासनं रोज. चार मुठी, वर दोन बोटं.”

“ऊठ. आता हितनं मोज.”

“आये, लोकं बघत्यात.”

“बघू देत. ऊठ.”

तो उठला. उत्तरेकडं तोंड केलं, हात ताठ केला. एक मूठ. दुसरी मूठ. सवयीनं तिसरी चढवायला गेला आणि थांबला. हात तसाच हवेत राहिला. “दोन,” तो म्हणाला. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. “दोनच हाय, आये.”

“मंग?” म्हातारी म्हणाली. “दोन म्हंजे घर. काढ बूट.”

तो खाली बसला आणि नाड्या सोडू लागला. गाठी गच्च बसल्या होत्या, त्यामुळं वेळ लागला. म्हातारीनं मदत केली नाही, नुसती उभी राहिली. वकीलसाहेब आमच्याकडं पाठ करून दुर्बिणीचा एक स्क्रू फिरवत होते. तो केव्हाच घट्ट बसला होता. मिस्त्रींनी शेवटी हळूच त्यांचा हात धरून बाजूला घेतला.