पावाला पाव

नॉटिंगहॅमच्या आमच्या वॉर्डात ती आली आणि आडून बोलण्याचे दिवसच संपले! स्पेनहून आलेली नर्स. बोलण्याआधी टेबलावर थाप, मग सुसाट इंग्लिश. कुणी घरून केक आणला की आम्ही डॉक्टरमंडळी ‘लव्हली, लव्हली’ म्हणत गिळायचो. ती म्हणायची, “आतून कच्चा आहे. पावाला पाव म्हणावं आणि वाईनला वाईन!” ही त्यांच्याकडची म्हण. मी तिला आमची सांगितली, ताकाला जाऊन भांडं लपवण्याची. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

एकदा ब्रेकमध्ये तिच्यासमोरच मी कॉलिंग कार्डावरून पुण्याला फोन लावला. बाबांचं हार्टचं ऑपरेशन ठरलं होतं.

“किरकोळ आहे गं,” बाबा म्हणाले. “तू कशाला धावपळ करतेस?”

मी हुश्श केलं आणि तिला सांगितलं.

थाप! “तू त्यांना काय विचारलंस?”

“येऊ का, असं.”

“म्हणजे भांडं लपवलंस! आणि त्यांनीही लपवलं. कर परत फोन!”

मी पुन्हा नंबर फिरवला. “बाबा, मला भीती वाटतेय. खरं सांगा, मी तिथे हवी आहे ना तुम्हाला?”

बाबा म्हणाले, “ये. लवकर ये.”

तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण माझा चेहरा बघून तिनं अशी थाप मारली, की टेबलावरचे सगळे कप नाचले!