विहिरीची चावी

मला लहानपणापासून एका मुलीचा हेवा वाटत आलाय. आता दोघी साठीला टेकलो, तिचे गुडघे गेले, माझी कंबर गेली, हेवा मात्र ठणठणीत आहे.

ती आमच्या घरमालकिणीची धाकटी मुलगी. अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे आमचं जुनं गावठाण. पुढचं घर तिचं, लाकडी जिन्याचं, खिडक्यांना रंगीत काचा असलेलं. त्याला पाठीमागून चिकटलेल्या, पत्र्याच्या दोन खोल्या आमच्या. मधे एकच भिंत. त्या भिंतीतून त्यांच्या घरचा मसाल्याचा वास यायचा आणि आमच्या घरातली भांडणं त्यांच्याकडे जायची, म्हणजे देवाणघेवाणीतही आमचंच नुकसान.

गाव त्यांचं. ख्रिस्ती माणसं, पण घरात मराठीच, आणि तीही आमच्यापेक्षा जुनी. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारी. पुढे पुरुष फोर्टातल्या ऑफिसांत लागले तरी शेतं सुटली नव्हती. माझे वडील कोकणातून आले आणि गिरणीत लागले. सकाळी सगळे पुरुष भातखाचरांच्या बांधावरून एका रांगेत अंधेरी स्टेशनला निघत. पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट पिशवीत. गावाच्या वेशीवर क्रूस होता, त्याच्या ओट्यावर मटका भरून ठेवलेला असे. तिथे पाय धुवायचे, बूट चढवायचे आणि साहेब होऊन पुढे जायचं. त्या रांगेत मालक कोण आणि भाडेकरू कोण, ते ओळखू येत नसे. संध्याकाळी गावात शिरले की पुन्हा आपापल्या जागी.

मे महिन्यात त्याच क्रूसापाशी प्रार्थना व्हायची, नंतर उकडलेले चणे वाटायचे. चणे आम्हालाही मिळत. पण चण्यांवर माझं भागणार नव्हतं, मला हंडा हवा होता.

त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी गावच्या विहिरीवरून पाणी आणतात. पुढे बँड, मागे लाल चौकटीची लुगडी नेसलेल्या बायका गाणी म्हणत चाललेल्या, आणि त्यांच्यात एकीच्या डोक्यावर तांब्याचा हंडा. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. मी बारा वर्षांची असताना मालकिणीच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. मालकीणबाई, त्यांना मी आंटी म्हणायचे, एकदा सहज म्हणाल्या की आता हंडा घ्यायला पोरी तयार व्हायला हव्यात. 'पोरी' असं म्हणाल्या ना, मग मीही पोरगीच होते. दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आले की मागच्या अंगणात आमची कळशी डोक्यावर घेऊन फेऱ्या मारायला लागले. महिनाभर. आधी रिकामी, मग अर्धी, मग काठोकाठ. शेवटी शेवटी हात सोडून चालायचे आणि एक थेंब सांडत नसे.

आईने एक दिवस पाहिलं. ती मालवणीतच बोलायची. म्हणाली, "हंडो तेंचो, पाणी तेंचां. तू खंय मधी नाचतंस गो?"

मी नाचायचं काही सोडलं नाही.

हंडा अर्थातच धाकटीला मिळाला, माझ्या मैत्रिणीला. तिने जन्मात कधी घागर उचलली नव्हती. विहिरीपासून मांडवापर्यंत निम्मं पाणी तिच्या नाकातोंडावरून ओघळलं आणि सगळ्या बायका कौतुकाने हसल्या. आंटींनी तिचा चेहरा पदराने पुसला. मी गर्दीत उभी होते. घरच्या पोरीने सांडलं तर हसायचं असतं, परकीने न सांडता आणलं तरी ते चालत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. आईने मला जळकुकडी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

नंतर शेतं विकली गेली. खाचरांवर आधी गाळे आले, मग काचेच्या इमारती. मी चर्चगेटच्या ऑफिसात तीस वर्षं नोकरी केली. लग्न झालं नाही. मैत्रीण लग्न करून बोरिवलीला गेली, भाऊबहीण परदेशी गेले, आंटी वारल्या आणि पुढच्या घराला कुलूप लागलं. मागच्या खोल्यांत मी राहिले. पूर्वी सकाळी गाव रिकामं व्हायचं, आता सकाळी गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलंमुली मेट्रोतून उतरून आमच्याच गल्लीतून त्या इमारतींत जातात. मी दारात चहा पीत त्यांना बघते.

विहिरीवर डासांसाठी लोखंडी जाळी बसली, तिला कुलूप. महिन्याकाठी पालिकेचा माणूस येतो, आत डोकावतो, कधी गप्पी मासे सोडतो. चावी कुणाकडे ठेवायची, असा प्रश्न आला तेव्हा गावातली उरलेली म्हातारी मंडळी म्हणाली की मागच्या खोलीतल्या बाईकडे द्या, ती सदा घरीच असते. ज्या विहिरीतून मला एक हंडा काढता आला नाही, तिची चावी अशी माझ्या दाराच्या खिळ्यावर आली.

दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. पाणी गावच्याच विहिरीचं हवं म्हणून आदल्या दिवशीचा मांडव बंद घरापुढेच घालायचा होता. आठवडाभर आधी ती आमंत्रण घेऊन आली. मी चहा ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, हंडा कोण घेणार?

ती म्हणाली, मुलीच्या ऑफिसातली एक पंजाबी मैत्रीण आहे, उंच आहे, लुगड्यात फोटो छान येतील. "तू फक्त कुलूप उघडून ठेव हां."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे रक्ताची, गावची, जातीची असली काही अट नव्हतीच. कुणीही चाललं असतं. मीच तेवढी चालले नव्हते. मी हसून म्हटलं, ठेवते ना.

शनिवारी दुपारी बँडवाले आले तेव्हा मी खिळ्यावरची चावी काढली आणि साडीच्या निऱ्यांत, कमरेला खोचली. मैत्रीण दारात आली, तिला सांगितलं की चावी सापडत नाही.

वाटलं होतं ती चिडेल, रडेल. मला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण ती चपला काढून आत आली आणि माझ्याबरोबर शोधायला लागली. फडताळ पाहिलं, डबे हलवले. मग ते दुखरे गुडघे टेकून माझ्या खाटेखाली हात घातला. मीही तिच्या शेजारी वाकले, आणि चावी मला कमरेत टोचली. तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. तेवढं धैर्य झालं नाही.

"जाऊ दे ना," ती धुळीचे हात झटकत म्हणाली. "कशाला जीवाला लावून घेतेस?"

तिने नाक्यावरच्या दुकानातून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार मागवला. बँड वाजवत सगळे विहिरीवर गेले. कुलूपबंद जाळीवर हंडा ठेवला, जार उपडा केला, बायकांनी गाणं म्हटलं, फोटो निघाले. कुणाचं काही अडलं नाही. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पाण्यासाठी मी जन्मभर जळले, त्याचं तिने प्लॅस्टिकच्या जारवर भागवलं, आणि तेही माझ्यामुळे.

त्या उंच मुलीने हंडा डोक्यावर घेतला आणि घाबरून हसत सुटली. पाणी हिंदकळलं. मैत्रिणीने तिच्या डोक्यावरून हंडा उतरवला आणि माझ्याकडे वळली.

"तू घे," ती म्हणाली. "तू अंगणात कळशी घेऊन चालायचीस ना, ते मी वरच्या खिडकीतून रोज बघायचे. आईला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

तिने माझ्याच पदराची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोघींनी मिळून हंडा चढवला. बँड सुरू झाला. मी चालले. विहिरीवरून, क्रूसावरून, खाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सावलीतून. गाणी मला सगळी पाठ होती, भिंतीपलीकडून ऐकलेली, पण मी नुसती पावलं मोजत होते. दर पावलाला चावी कमरेत रुतत होती.

मांडवात तिनेच हंडा उतरवला. म्हणाली, चावी सापडली की कळव, माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात विहिरीचंच पाणी काढू आणि हंडा तूच घ्यायचास.

चावी मी तांदळाच्या डब्यात टाकली. पुढच्या महिन्यात पालिकेचा माणूस आला, त्यालाही हरवली म्हणून सांगितलं. एकदा सांगितल्यावर बदलणार कसं? त्याने कुलूप तोडलं, नवं लावलं आणि नवी चावी पुन्हा माझ्याच हातात दिली. म्हणाला, मावशी, तुमच्याकडेच बरी.

आता धाकटीचं जमतंय असं ऐकते. नवी चावी खिळ्यावर आहे, जुनी अजून तांदळात. मैत्रिणीचा फोन येतो तेव्हा सांगून टाकावं असं रोज ठरवते आणि गुडघे कसे आहेत एवढं विचारून फोन ठेवते. त्या दिवशी विहिरीपासून मांडवापर्यंत माझ्या हंड्यातून एक थेंबसुद्धा सांडला नव्हता. हे मला कुणाला अभिमानाने सांगता येत नाही.